डोळ्यांत कन्नड, तोंडात मराठी

मी बाँड रायटर. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, भाडेकरार असले कागद तयार करून द्यायचे हा आमचा धंदा. आधी वडिलांचा, आता माझा. बेळगावात सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या अवतीभवती कॉम्प्युटर, प्रिंटर आणि शाईचा पॅड मांडून बसलेली जी मंडळी दिसतात, त्यांतला मी एक. कागद कन्नडमध्ये होतो. पण सही करणारा किंवा अंगठा उठवणारा माणूस येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर अशा बाजूचा असला तर तो बहुधा घरी मराठी बोलणारा असतो. त्याला कन्नड बाजारापुरतं, बसपुरतं झकास येतं. वाचता येतंच असं नाही. म्हणून नोंदणीला आत जायच्या आधी सगळा कागद त्याला वाचून दाखवायचा. कागदावर कन्नड, माझ्या तोंडून मराठी. मधे कच्चं काही लिहून काढायचं नाही आणि अडायचंही नाही. समोर साक्षीदार, चार भावकीतले लोक आणि एखादी आज्जी ‘हद्द आधी सांग बाबा’ म्हणत उभी असते. वाचणारा अडला की लगेच संशय येतो, काहीतरी गाळतोय म्हणून.

यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या लाइनीत सगळेच हे करतात. मग पुतणी म्हैसूरला भाषाविज्ञान शिकायला गेली. म्हैसूर म्हणजे या विषयाचं माहेरघरच. १९६९ साली सुरू झालेलं भारतीय भाषा संस्थान तिथं, आणि वाचा-श्रवणाची अखिल भारतीय संस्थाही तिथंच. ती तिकडून मला लेख पाठवते, मी रविवारी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचतो. हळूहळू नादच लागला. त्या वाचनातून आणि रोजच्या धंद्यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात एक बंद करून दुसरी चालू करायची अशी सोय नसते. दोन्ही कायम चालू असतात, आणि दमायला होतं ते नको ती भाषा आवरून धरताना.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा नावं खोडलेला एक जुना मसुदा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, काका, गिऱ्हाइकाला वाचून दाखवता तसं वाचा. मी सुरू केलं. ती शेजारी वही घेऊन बसली होती. चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, आली, ‘पूर्वेस’ झालं, आणि तिनं एकदम वही कागदावर आडवी टाकली. अक्षर दिसेना, पण माझं तोंड चालूच: ‘…गावठाणचा रस्ता, पश्चिमेस’. तिथं गाडी थांबली. ती खूश. झाकल्यानंतर किती शब्द बोललात ते मोजा, म्हणाली.

हा तिचा शोध नव्हे. मोठ्यानं वाचताना डोळा आवाजाच्या पुढं असतो, हे शिकागोच्या बसवेल यांनी १९२० मध्येच मोजलं होतं. नंतरच्या लोकांनी वाचता वाचता दिवा घालवून तीच परीक्षा केली. पटाईत वाचणाऱ्याचा डोळा जास्त पुढं असतो. आणि दिवा गेल्यावर माणूस शब्दाच्या भलत्याच ठिकाणी तोडत नाही, बहुतेक वेळा अर्थाचा एखादा तुकडा पुरा करून थांबतो. माझं ‘पश्चिमेस’ तसंच. डोळा तरी सरळ कुठं सरकतो? तो उड्या मारतो, प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकतो आणि पुढं जातो. आपल्याला वाटतं ओळ गुळगुळीत वाहते आहे.

पण तिच्या मनात वेगळंच होतं. तिनं विचारलं, जे शब्द झाकल्यावर तुम्ही बोललात ते डोक्यात होते तेव्हा कन्नड होते की मराठी? मला उत्तर देता आलं नाही. डोळ्यांनी ‘पश्चिमक्के’ पाहिलं होतं हे नक्की, पण ‘पश्चिमक्के’ मी मनात म्हटलं होतं का? वाटत नाही. बायको आतून म्हणाली, तुमी कधी कशाचा विचार करून बोलता काय. ते एक उत्तर झालं.

कागदाची भाषा ठरलेली असते हा यातला मोठा आधार. पुढं काय येणार हे निम्म्याहून जास्त वेळा आधीच माहीत असतं. वडील मोडीतले जुने कागद वाचायचे ते याच जोरावर. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. शब्द कुठं संपला, कुठं सुरू झाला याची खूण नाही. पुतणी म्हणाली, तान्ह्या पोरांचं रोज हेच चालतं, बोलण्यात तरी शब्दांमधे जागा कुठं असते? १९९६ मध्ये सॅफ्रन, अॅस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या शब्दांची एक सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. कुठल्या अक्षरामागं कुठलं अक्षर वारंवार येतं एवढ्यावरून बाळांनी शब्दांचे सांधे ओळखले. ‘आठ महिन्यांचं पोर मोडी वाचतंय म्हण की,’ मी म्हटलं.

आता मूळ गोष्ट. कन्नड कागद मराठीत इतक्या सरळ का वाचता येतो? एक वाक्य देवनागरीत लिहून दाखवतो: ‘सदरी जमीनन्नु इंदिन दिवस निम्म कब्जादल्लि कोट्टिरुत्तेवे.’ मराठीत: ‘सदर जमीन आजच्या दिवशी तुमच्या कब्जात दिलेली आहे.’ शब्दावर शब्द बसतो. कोणाला उचलून दुसरीकडं ठेवावं लागत नाही, क्रियापद दोन्हीकडं शेवटाला. वर ‘सदर’, ‘जमीन’, ‘कब्जा’ हे दोन्हीकडचे एकच. उतारा, मोजणी, हक्क, वारसा हेही तसेच. असे सामाईक शब्द दोन भाषा येणाऱ्याला लवकर सुचतात हे कॅटलान आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांवर कोस्ता वगैरेंनी २००० साली दाखवलं; चित्र दाखवून नाव विचारलं तर सामाईक नाव लवकर बाहेर येतं. आमच्या कागदात तर दर ओळीला दोन-तीन. म्हणजे डोळा पाहतो तो शब्द बऱ्याचदा बदलायचाच नसतो.

पण शेवटच्या शब्दाला गंमत आहे. कन्नड क्रियापद देणाऱ्याकडं बघतं. ‘कोट्टिरुत्तेवे’, आम्ही दिलंय. जमीन दिलेली असो, घर असो, प्लॉट असो, शेवट तोच राहतो. मराठी क्रियापद अशा ठिकाणी देणाऱ्याकडं पाठ फिरवतं आणि दिलेल्या वस्तूकडं बघतं: जमीन दिली, घर दिलं, प्लॉट दिला. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून घोकलं होतं, त्याचा त्रास काय असतो ते या टेबलावर कळलं. कागदातली वाक्यं लांब असतात. वाक्याच्या सुरुवातीला ‘जमीन’ म्हटलं, मग आर. एस. नंबर म्हणजे सर्वे नंबर, हिस्सा, एकर-गुंठे, आकार म्हणजे शेतसारा, चारी बाजूंच्या हद्दी, विहिरीतला पाण्याचा वाटा, जाण्यायेण्याची वाट, आणि पानाच्या तळाला क्रियापद. तोवर ‘जमीन’ स्त्रीलिंगी आहे हे कुठंतरी धरून ठेवायचं. मधे विहीर, रस्ता, झाड अशी तिन्ही लिंगं येऊन जातात, ती मोजायची नाहीत. त्यात घर, परसू आणि विहीर मिळून एकत्र विकलेलं असलं की ‘दिलेली आहेत’, नपुंसक अनेकवचनी. माझ्या डोळ्यांपुढं मात्र त्या वेळी ‘कोट्टिरुत्तेवे’ असतं, ज्यात यातलं काहीच लिहिलेलं नाही.

आमच्याकडं एक मदतनीस आहे, बैलहोंगल बाजूचा, घरची भाषा कन्नड. मराठी फर्डी बोलतो, कधी कधी तोच वाचून दाखवतो. हुशार पोरगा. पण पान मोठं असलं की शेवटाला ‘सदर जमीन… दिलेला आहे’ असं होतं. त्या क्षणी मी ऐकणाऱ्यांचे चेहरे बघतो. कडोलीच्या एका आज्जीच्या भुवया अशा काही वर गेल्या की मला वाटलं किमतीतच काही घोळ ऐकला. काय झालं विचारलं, तर ‘काय न्हाई, वाच वाच.’ अर्थ तिला समजलेला होता. तिची स्वतःची तक्रारही नव्हती. तरी भुवया वर गेल्याच.

सॅन दिएगोच्या मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये माणसांच्या डोक्याला तारा लावून त्यांना वाक्यं वाचायला दिली. वाक्याचा शेवटचा शब्द अर्थाला न जुळणारा असला की सुमारे ४०० मिलिसेकंदांवर मेंदूतल्या विजेचा आलेख एका बाजूला झुकतो. पुढं १९९२ मध्ये ऑस्टरहाउट आणि हॉलकम्ब यांनी व्याकरण फसलेली वाक्यं दिली, तेव्हा तसं न होता सुमारे ६०० मिलिसेकंदांवर उलट बाजूची लाट आली. म्हणजे भातात खडा लागला तर तो अर्थाचा की व्याकरणाचा हे दातांना वेगवेगळं कळतं, आणि तेही एका सेकंदाच्या आत. आज्जीच्या भुवया व्याकरणाच्या होत्या.

त्या पोराला बोल लावण्यात मात्र अर्थ नाही. कन्नडमध्ये पुरुष एक, बाई एक, आणि बाकी जगातलं सगळं निर्जीव-सजीव एका बाजूला. खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते, याला कारण काय म्हणून त्यानं मला विचारलं होतं. कारण नाहीच. आपण ते पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो एवढंच.

आणि लिंगाचं हे ओझं माणसं टाकूनही देतात. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा एक लेख आहे, जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवतात. गाव सांगली जिल्ह्यातलं, लेखात ‘कुपवार’ असं छापलेलं, आमच्या हद्दीपासून जवळच. तिथं जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी आणि दोरखंड वळणारी काही घरं तेलुगू. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी बोलून त्या गावातल्या या भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं की एका भाषेतल्या वाक्यातले शब्द काढून दुसरीचे बसवले की काम होतं, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या मराठीत निर्जीव वस्तूंचं लिंग कन्नडच्या चालीनं चालतं, असंही त्यांनी नोंदवलं. मी हे वाचलं तेव्हा पुतणीला फोन करून म्हटलं, हे दोघं आमच्या ऑफिसबाहेर बसले असते तर त्यांना एवढी पायपीट पडली नसती. मात्र डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनी त्याच गावाची पुन्हा तपासणी केली आहे आणि पहिल्या दोघांचा दावा जसाच्या तसा मान्य करता येत नाही असं मांडलं आहे. ते मला पटतं. दोन भाषा शेजारी नांदल्या म्हणून एक होत नाहीत. आमच्या आज्जीच्या भुवया वर जातात त्या उगीच नव्हेत.

पण जवळ येतात हे खरं. ‘काय करूलाईस’ म्हणून पुण्याचे पाहुणे आम्हाला हसतात. ते ‘करायला लागलायस’ घासून झालेलं असावं. धारवाडकडचा कन्नड माणूस ‘माडाकत्तीनि’ म्हणतो, त्यातही ‘करायला’ आणि ‘लागणं’ असाच जोड आहे. कोणी कोणाकडून उचललं यात मी पडत नाही. या जिल्ह्यात असल्या प्रश्नांवर मोर्चे निघतात.

आता आकडे. आमच्या धंद्यात खरी जोखीम तिथं. कन्नडमध्ये ८७ म्हणजे ‘एंबत्तेळु’, ऐंशी आणि सात. ऐकता ऐकता हात लिहीत जातो. मराठीत ‘सत्त्याऐंशी’, सात आधी ऐकू येतो पण कागदावर आठ आधी काढायचा. हाताला अर्धा क्षण दम धरावा लागतो. आणि ‘एकोणऐंशी’ म्हणजे कहरच: ऐकू येतं एक उणे आणि ऐंशी, लिहायचं ७९. जे ऐकलं त्यातला एकही आकडा कागदावर येत नाही. कन्नड माणूस ‘एप्पत्तोंबत्तु’ म्हणतो, सत्तर नऊ, मोकळा होतो.

जर्मन भाषाही मराठीसारखीच, एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणते. झूबर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या ऐकून लिहायला लावल्या, तर त्यांच्या जवळपास निम्म्या चुका या उलटापालटीशी संबंधित निघाल्या. हे वाचलं आणि २०१९ चा जून आठवला. महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचायची रीत आली आणि गदारोळ उठला, विधिमंडळापर्यंत गेला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्या सांगत होत्या की लहान मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची संख्यानामं जड जातात, जुनी रीत काढलेली नाही, सोपी रीत जोडीला दिली आहे. पण व्हॉट्सअॅपवर त्याची चेष्टाच जास्त झाली. आमच्याकडच्या मराठी शाळांत कर्नाटकची पुस्तकं, त्यामुळं आम्ही तसे बघेच. ऑफिसबाहेर चहाच्या गाडीवर मराठी मंडळी तावातावानं ‘मराठीची वाट लावली’ म्हणत होती, आणि शेजारी उभा कन्नड स्टॅम्पवाला विचारत होता, ‘मग यात वाईट काय? आम्ही असंच म्हणतो.’

माझं मत विचाराल तर ‘अठ्ठ्याहत्तर’ तोंडात चांगलं लागतं, जाऊ नये. पण फोनवर सर्वे नंबर सांगताना तेच तावातावानं बोलणारे सगळे ‘सात, आठ’ असं सुटं सांगतात. आणि कागदात आकडा दोनदा लिहायचा, एकदा आकड्यात, एकदा अक्षरी, ही रीत ज्यानं घातली त्याला माणसाच्या डोक्याची चांगली पारख होती.

पैसे मोजायचं तर आणखी वेगळं. मी घासाघीस कन्नडमध्ये करतो, नोटा मराठीत मोजतो. एलिझाबेथ स्पेल्के आणि सान्ना त्सिव्किन यांनी २००१ मध्ये रशियन-इंग्रजी येणाऱ्यांना नवी गणितं एका भाषेत शिकवली. नेमकं उत्तर काढायचं असलं की शिकवलेल्या भाषेत ते चटकन यायचं, दुसऱ्या भाषेत उशीर लागायचा. अंदाज करायचा असला तर भाषा कुठलीही असो, फरक नाही. माझे पाढे मराठी शाळेतले. एकराचा भाव अंदाजे किती हे मी कुठल्याही भाषेत सांगेन, पण सव्वीस गुंठ्यांचे नेमके किती म्हणाल तर ओठ मराठीतच हलणार.

दोन्ही भाषा कायम चालू असतात म्हटलं, त्याचा पुरावा १९९९ चा. व्हायोरिका मेरियन आणि मायकेल स्पायव्ही यांनी रशियन-इंग्रजी येणाऱ्यांसमोर काही वस्तू मांडल्या आणि डोळे कुठं जातात ते टिपलं. रशियनमध्ये ‘मार्कु’, म्हणजे स्टॅम्प, हलवायला सांगितलं, की डोळे पुष्कळदा मार्करकडंही जायचे, जो इंग्रजीत ‘मार्कर’. इंग्रजीचं तिथं कामच नव्हतं. पुतणीनं घरी हे करून बघितलं. कापसाचा आणि हत्तीचा फोटो, सोबत आणखी दोन. कन्नडमध्ये कापसाला ‘हत्ति’. कन्नडमधून बोलत बोलत तिनं काकूला ‘हत्ति’ दाखवायला सांगितलं. काकूनं बोट कापसावरच ठेवलं, पण नजर आधी हत्तीकडं जाऊन आली, आम्ही दोघांनी पाहिलं. ‘मी कुठं बघितलं हत्तीकडं?’ हे तिचं म्हणणं आजही कायम आहे.

मेउटर आणि ऑलपोर्ट यांचा प्रयोगही त्याच वर्षीचा. पडद्यावर आकडा येतो, रंग बघून तो या किंवा त्या भाषेत बोलायचा. अपेक्षा अशी की कच्च्या भाषेत शिरताना जास्त वेळ लागेल. लागला उलटा: पक्क्या भाषेत परतताना. कारण कच्ची बोलायची तर पक्कीला जोर लावून दाबावं लागतं, आणि दाबलेली लगेच उठत नाही. आत काउंटरवर एखाद्या नोंदीवरून कन्नडमध्ये अर्धा तास हुज्जत घालून मी बाहेर येतो तेव्हा गिऱ्हाइकाशी पहिलं मराठी वाक्य माझ्या तोंडून वेडंवाकडंच पडतं. मराठी माझी आईची भाषा. लोकांना वाटतं, आत काहीतरी बिघडलं म्हणून हा अडखळतोय.

‘तुम्ही धड कन्नड बोलत नाही, धड मराठी बोलत नाही’ हे आम्ही सीमाभागातल्यांनी दोन्हीकडून ऐकलंय. शाना पॉपलॅक यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन वस्तीत याच आरोपाचा माग काढला. वाक्याच्या मधोमध भाषा बदलणारे कोण, तर ज्यांच्या दोन्ही भाषा पक्क्या ते. कच्चे लोक वाक्य संपल्यावर किंवा एखादा सुटा उद्गार घालून बदलतात. बदलही कुठंही होत नाही, दोन्ही व्याकरणं जिथं जुळतात तिथंच होतो. मराठी-कन्नडमध्ये जुळणाऱ्या जागा किती आहेत ते वर लिहिलंच. त्यामुळं चहाच्या गाडीवर एका वाक्यात दोन वळणं घेणाऱ्या आमच्या लोकांना मी अडाणी समजत नाही. पुण्याच्या पाहुण्यांनी एकदा तसं वाक्य न अडखळता म्हणून दाखवावं.

आणि अंगठा उठवणारी माणसं. त्यांना आपण निरक्षर म्हणून मोकळे होतो. त्यातली एखादी बाई मराठीत भावाला झापते, कन्नडमध्ये क्लार्कला विनवते, हद्दीला असलेल्या मुसलमान शेजाऱ्याशी दखनी बोलते, हे सगळं एका सकाळी. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. या निष्कर्षावर पुढं पुष्कळ वाद झालेत. सगळ्या देशांत, सगळ्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. म्हणून दोन भाषा म्हणजे विसराळूपणावरचं औषध असं मी कोणाला सांगत नाही. पण हैदराबादच्या अभ्यासात शिक्षण आणि भाषा या दोन गोष्टी वेगळ्या काढून बघितल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथं फक्त शिकलेल्यांनाच दोन भाषा येतात तिथं हे वेगळं काढणं अवघड. आमच्यासारख्या भागात सोपं.

राहिले इंग्रजी कागद. बँकेचं कर्ज, गहाणखत, बिल्डरचा करार. तिथं माझी सगळी हुशारी उतरते. क्रियापद दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच येऊन बसतं आणि मराठीत ते मला शेवटाला लागतं. तोवर ते हातात धरून अटी, अपवाद, पोटअटी मागून पुढं न्यायच्या. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सांगितलं की माणूस एका वेळी सात-एक गोष्टी ध्यानात धरतो; २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ते चारच्या आसपास आणलं. बँकेच्या एका वाक्यात चार गोष्टी पहिल्या ओळीतच संपतात. डोळा पुढं पळतो, पण तोंडाला देण्यासारखं काही सापडत नाही, म्हणून तो मागं येतो, पुन्हा पुढं जातो. म्हणून इंग्रजी कागद आदल्या दिवशी आणून द्या म्हणतो, आणि त्याचे पैसेही जास्त घेतो. परवा हिंडलग्याचे एक अण्णा तणतणले, ‘विंग्रजी दोन पानंच हैत की वो. कन्नडची आठ पानं तुमी उभ्या उभ्या वाचून दावलासा.’ पानं मोजून कसं चालेल? त्या दोन पानांतली क्रियापदं शोधून त्यांच्यावर पेन्सिलीनं खुणा करण्यातच माझी संध्याकाळ जाते.